लांबी नको, पत्रा हवा

गंजून भोक पडलेल्या पत्र्यात लांबी भरायची, वर पॉलिश पेपर घासायचा, रंग मारायचा आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, हा प्रकार आता बंद झाला पाहिजे. माझ्याकडे 1951 सालची शेवरोले पिकअप आहे. या घाटाच्या गाड्या जनरल मोटर्सने 1947 साली आणल्या. 1928 ते 1954 या काळात कंपनीचा जोडणी कारखाना आपल्या मुंबईत, शिवडीला होता. या गाडीची खरी ओळख तिच्या केबिनमध्ये आहे. मागचे दोन्ही कोपरे गोल वळून दाराच्या चौकटीला मिळतात. नेमके तेच कोपरे आधी सडतात.

ते का सडतात, हे दुरुस्त करणाऱ्याने समजून घ्यायला हवं. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी आणि चाकांनी उडवलेली माती कोपऱ्याच्या पोकळीत आणि दाराखालच्या पेटीत जाऊन बसते. पाणी निघून जावं म्हणून खाली वाटा ठेवलेल्या असतात, त्या चिखलाने बुजतात. मग ओली माती पत्रा आतून खायला लागते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे स्पॉट वेल्डिंगने जोडलेले दोन पत्रे फुगून एकमेकांपासून सुटतात. समुद्राकाठची खारी हवा असेल तर हे सगळं अधिक लवकर होतं. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं नुकसान कधीच होऊन गेलेलं असतं. अशा जागी बाहेरून लांबी भरणं म्हणजे मालकाची फसवणूक आहे.

माझ्या गाडीचा डावा कोपरा उघडला तेव्हा रंगाखाली लांबी निघाली, लांबीखाली डासांची जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचा बोळा. लांबीचा थर अंगठ्याएवढा जाड होता. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत तो बोळा ओलसर. लांबी पाणी शोषते, कागद ते धरून ठेवतो, आणि शेजारचा चांगला पत्राही त्यात जातो. वेळीच कापून नवा पत्रा जोडला असता तर वीतभर तुकड्यात काम भागलं असतं. आता तो कोपरा दाराच्या खांबापर्यंत कापावा लागला.

दुसरी तक्रार वेल्डिंगची. या केबिनचा पत्रा साधारण 18 गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्याही आतला. त्यावर एका दमात लांब शिवण ओढली की उष्णतेने पत्रा ताणतो आणि थंड होताना आक्रसतो. कोपऱ्याचं वळण लाटेसारखं होतं, आणि त्या लाटा झाकायला पुन्हा लांबीच येते. टाके दूर दूर घ्यावेत, एक इकडे तर पुढचा पलीकडच्या टोकाला, आणि मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यावं. याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा. त्या वेळेची मजुरी मी देतो, खुशीने देतो. तरी "साहेब, उगाच वेळ जातो," हे ऐकावं लागतं.

जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवणं हाही तसाच प्रकार. खालचा गंज तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या फटीत पाणी थांबतं आणि काही पावसाळ्यांत वरचा तुकडाही जातो. सडलेलं चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं आणि तुकडा कडेला कड लावून बसवायचा, दुसरा मार्ग नाही.

पत्र्याच्या दुकानातही डोकं तापतं. साधा सीआर पत्रा मागितला की जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पुढे करतात, "हा गंजत नाही" म्हणून. वेल्ड करताना त्याचं जस्त जळतं, पांढरा धूर निघतो, वेल्डरला रात्री ताप भरतो आणि टाका पोकळ बसतो. गेज विचारलं तर कड चिमटीत धरून अंदाज सांगतात. पत्र्याच्या दुकानात गेज मोजायची चकती असावी, एवढी अपेक्षा जास्त नाही. अमेरिकेत याच केबिनचे कोपरे, पायाखालचे पत्रे, दाराखालच्या पट्ट्या आजही नव्या बनवून विकतात. इथे मागवायच्या तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब बसत नाही, म्हणून सगळं हाताने ठोकून घडवावं लागतं. ते घडवणारे जुने कारागीर अजून आहेत. त्यांच्या हातोडीला मान आणि दाम दोन्ही मिळायला हवेत.

सर्वांत जास्त चीड मात्र शेवटच्या कामाची येते. रंग झाल्यावर खालून काळा डांबरी थर मारतात आणि त्यात पाणी जायची भोकं बुजवून टाकतात. पोकळीत आतून मेण मारायला कुणी तयार नसतं, कारण ते दिसत नाही. एवढ्या मेहनतीने बसवलेला नवा पत्रा पहिल्या पावसापासूनच पुन्हा सडायला लागतो.

केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, खासगी वापरातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मूळ रूप जपायचं असेल तर ते पत्र्यात जपलं पाहिजे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पैसे देण्याआधी लोहचुंबक रुमालात गुंडाळून केबिनच्या चारही कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे. आणि गाडी कोणतीही असो, मृग लागायच्या आत दाराखालची भोकं तारेने मोकळी करून घ्या.