राहवीर पाहिजेत

रस्ते अपघातातल्या गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीस देतं. २०२१ साली ते ५,००० रुपये होतं, आता २५,००० झालंय. वर ‘राहवीर’ हा किताब. वीर खरा की खोटा हे ठरवायला जिल्हाधिकारी, पोलीस, आरोग्य खातं, आरटीओ अशी समिती. जखमीला तासाची घाई, वीराला मात्र बैठकीची तारीख.

आपल्या हिंगोलीत हळद निघाली की वसमतच्या बाजाराकडे ट्रॉल्या सुटतात. माल पिवळाधमक, पण रात्री ट्रॉली काही दिसत नाही. तिच्या पाठीला लाल रिफ्लेक्टर चिकटवणारा या योजनेत बसत नाही. बसणार कसा? त्याच्यामुळे जो अपघात झालाच नाही, त्याचा पंचनामा कुठून आणायचा?