सहकुटुंब मेपल पास : शास्त्रोक्त विधी

सिएटल परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एकदा तरी मेपल पासची वारी करावी, असा दंडक आहे. नावात मेपल असला तरी जायचे ते लार्चच्या दर्शनाला. हे झाड सूचिपर्णी, पण हिवाळ्याआधी पिवळेधमक होऊन पाने गाळणारे. शेजारचे फर-हेमलॉक बारमाही हिरवे राहून कुळाची अब्रू राखतात.

मुहूर्त पहाटेचा धरावा. ही वाट जिथून सुरू होते तो रेनी पास हायवे 20 वर, शहरापासून अडीच-तीन तासांवर आहे आणि उन्हे वर येईतो पार्किंग भरून गाड्या रस्त्याकडेला लागू लागतात. पाचला निघायचे तर घरात चार सांगावे. बाबा साडेतीनलाच बूट घालून सोफ्यावर बसलेले आढळतील. त्यांना वगळून हा नियम वाचावा. डोंगरात रेंज मिळत नाही, तेव्हा पुण्यातल्या आत्याला फोन आधीच उरकावा.

आता शिधा. सिएटलच्याच ‘द माउंटेनियर्स’ या संस्थेने 1930 च्या दशकात दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी केली. नकाशा, होकायंत्र, बॅटरी, काडेपेटी वगैरे. चिवड्याचा उल्लेख नाही, यावरून त्या बैठकीला आपल्यापैकी कोणी हजर नव्हते हे सिद्ध होते. मात्र ‘जादा अन्न’ हे कलम आहे, आणि जादा म्हणजे किती हे तिथे लिहिलेले नाही. आई या कलमाचा अर्थ आपल्या परीने लावते. थालीपिठे, दशम्या, लसणाची चटणी आणि ‘लागलाच तर’ म्हणून दहीभात. होकायंत्र गाडीत राहिले तरी चालते.

वाट वर्तुळाकार, सुमारे सव्वासात मैलांची; चढ 2000 फूट. घड्याळाच्या उलट दिशेने गेल्यास चढ सौम्य लागतो. उलटी प्रदक्षिणा कशी घालायची, अशी हरकत आईने घेतल्यास शंकराच्या सोमसूत्री प्रदक्षिणेचा दाखला द्यावा. तिथेही माघारी वळतातच.

जंगलातून वर आल्यावर लेक अ‍ॅन दिसते. इथे बाबा, “आपल्या सिंहगडाएवढाच तर चढ,” म्हणतील. चढापुरते ते खरेही आहे, म्हणून वाद घालू नये. पुढे ते मडक्यातले दही आणि कांदाभजी कुठे मिळते ते विचारतील. तेव्हा जादा अन्नाचे कलम लागू करावे. खिंडीत वारा बोचतो. माकडटोपी घालायला लाजू नये, फोटोपुरती काढावी.

गुडघे कुरकुरत असतील त्यांनी वर्तुळाच्या नादी लागू नये. त्याच पार्किंगमधून रेनी लेकपर्यंत मैलभर सपाट, फरसबंद वाट जाते. समोर कडा, त्यावरून उतरणारे धबधबे आणि खाली निळे-हिरवे पाणी. माझ्या मते सगळ्या वारीतली उत्तम जागा हीच, पण धाप न लागता मिळाल्यामुळे तिला कोणी मान देत नाही.

राहता राहिली चिपमंक. पाठीवर पट्टे असल्याने आई तिला रामाची खार ठरवून शेंगदाणे काढील. वन्य प्राण्यांना खायला घालू नये, हा नियम आईला समजावणे आवश्यक आहे. हे काम मुलाने करावे. सुनेने त्या वेळी बुटाची नाडी बांधत असावे.