वलगावचा समिंदर

“मीठ फुटलं!”

सकाळचे सहा वाजले होते. दारात समिंदरभाऊ. अंगात बनियान, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट माझ्या तोंडापुढं. “चाटून पाय,” म्हणाले. मी चाटलं नाही. शेजारधर्म झाला तरी तो कुठंतरी थांबतो. मग त्यांनी स्वतःच चाटलं, डोळे मिटले आणि नाडी सोडणाऱ्या वैद्यासारखं जाहीर केलं, “समिंदर गळून राह्यला.”

आमचं वलगाव अमरावतीहून परतवाड्याला जाताना लागतं. चिखलदऱ्याला जाणारी गाडी इथूनच जाते, पण थांबत नाही. पेढी नदीच्या काठी इथं गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला, ही गावाची खरी ओळख. मुंबईचा समुद्र इथून रस्त्यानं साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. तो घरच्या ढेलजेत आणून ठेवायचं डोक्यात येणारा माणूस पंचक्रोशीत एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. बाकी सगळीकडं समिंदरभाऊ.

भाऊ तीस वर्षं जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाची गाडी आली की वजन करायचं, लिहायचं, पुन्हा वजन करायचं. रिटायर झाले तसे मोजायला काही उरलं नाही आणि माणूस सैरभैर झाला. त्यांच्याकडं एक जुनी राजदूत आहे. ती चालू असली की गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून असते. बंद पडली की अंगणाच्या मधोमध येते आणि भाऊंच्या चेहऱ्यावर तेज येतं. मला फार उशिरा कळलं की या माणसाला वस्तूचा नाद नाहीच, तिच्या बिघाडाचा आहे. आधी कबुतरं पाळली, पण ती आजारीच पडेनात, म्हणून वाटून टाकली.

मग एकदा ते मुंबईला भाचीच्या लग्नाला गेले आणि क्रॉफर्ड मार्केटात शिरले. वऱ्हाडातला माणूस क्रॉफर्ड मार्केटात शिरला की सुकामेवा आणतो. भाऊंनी थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणले. रात्रीच्या गाडीत खोकं मांडीवर, आणि दर स्टेशनाला झाकण किलकिलं करून “जिते हायेत” अशी डब्याला खबर. हा विदूषक मासा. पोरं त्याला निमो म्हणतात. तो गोड्या पाण्यात जगत नाही, ही माहिती भाऊंना दुकानदारानं दिली होती आणि तेवढ्यासाठीच त्यांनी तो घेतला, असं माझं मत आहे. साधा गोल्डफिश त्यांनी आठवडाभरात वाटून टाकला असता.

आता यातली खरी गंमत परगावच्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळायची नाही. आमच्या पश्चिमेला भातकुली-दर्यापूरकडं, पुढं अकोला-बुलडाण्यापर्यंत, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलाय. तिथं विहीर खणली की खारं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी गोड्या पाण्यासाठी पायपीट केली, सोयरिकी पाण्यावरून मोडल्या. त्या मुलखाच्या उंबऱ्यावर बसून हा माणूस आरओचं गोड पाणी कॅननं विकत घेतो आणि त्यात मीठ घालून ते खारं करतो. लिटरला पस्तीस ग्रॅम. घरातला तराजू तेवढ्यासाठीच आहे. वयनींना डाळ मोजायची झाली तर विचारून घ्यावा लागतो.

“अरे, मंग दर्यापूरच्या बोअरचं पाणी टाक नं!” असं पारावर प्रत्येकानं एकेकदा सुचवून झालं. भाऊ या प्रश्नाची वाटच पाहत असतात. “बोअरच्या पाण्यात मीठ हाय, पण समिंदर नाही,” ते सुरू होतात. “समिंदरात मॅग्नेशियम लागते, कॅल्शियम लागते, पोटॅशियम लागते. तिकळे हरयाणात, रोहतकपाशी लाहलीले, सरकारी केंद्र हाय. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात झिंगे वाढवले त्यायनं. पण पोटॅशियम कमी पडते म्हून वरून घालावं लागते. अन् घरचं मीठ टाकशीन तं मासोया खलास.” एकानं लोणारचं पाणी सुचवलं. त्याच्याकडं भाऊंनी नुसतं पाहिलं.

आणि कुणी फारच ताणलं, की त्यांचं ब्रह्मास्त्र निघतं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वऱ्हाडाला समुद्र कुठला? तर अकोल्याकडच्या दहिहांड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी काढून त्यापासून मीठ केलं आणि कायदा मोडला. ही गोष्ट खरी आहे, आणि मला विचाराल तर दांडीइतकीच अभिमानाची आहे. भाऊ ती सांगून झाल्यावर टाकीकडं हात करतात, “त्यायनं पाण्याचं मीठ केलं. म्या मिठाचं पाणी करून राह्यलो.” यावर पारावर कुणालाच काही बोलता येत नाही. आपण हरलो का जिंकलो, तेच कळत नाही.

तर, टाकी गळत होती. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच; काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. म्हणजे नुसतं पाणीच अडीच क्विंटल. भाऊ ते तसंच सांगतात, क्विंटलमध्ये, जणू उद्या बाजार समितीत न्यायचंय. पाणी रोज थोडं उतरत होतं. मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, भिंतीतून वाफ निघत होती, तेव्हा पाणी आटणारच. भाऊ रोज सकाळी गोड पाणी टाकून खुणेपर्यंत आणायचे. हे बरोबरच होतं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. वरून खारं टाकत राहिलं तर महिन्याभरात लोणचं होईल.

पण त्यांच्याकडं काचेची एक तरती नळी आहे. तिच्यावर समुद्राचा आकडा १.०२५ ला पाहिजे. पंधरा दिवसांत तो १.०२० वर आला. भाऊंनी नळी बदलली. आकडा तोच. तराजूवर संशय घेतला. मग वयनींवर. आणि त्या पहाटे चार वाजता, लाइन गेलेली, पंप बॅटरीवर घुरघुरतोय, अशा वेळी त्यांच्या डोक्यात उजेड पडला : पाणी नुसतं आटत असतं तर मीठ कमी झालंच नसतं. मीठ कमी होतंय म्हणजे ते पाण्याबरोबर कुठंतरी जातंय. टॉर्च घेऊन टाकीमागं घुसले, तर मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं दोन काचा सिलिकॉननं जोडलेल्या असतात, तिथं पांढरी रांगोळी. पाणी थेंबाथेंबानं पाझरून वाळत होतं आणि मागं मीठ ठेवून जात होतं. तेच ते बोटावर घेऊन सहा वाजता माझ्याकडं आले होते.

मी हे निदान मनापासून वाखाणलं. पण वयनी पोछा पिळत म्हणाल्या, “पंधरा दिवसांपासून सांगून राह्यली, फरशी ओली लागते. तं म्हणे, तुह्या पायाले घाम येते.”

गावात बातमी पसरायला चहा उकळण्याइतका वेळ लागला. मग सल्ले. एमसील लाव. डांबर लाव. चुना लाव. एकानं तर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं ठिगळ आणलं. भाऊ सगळ्यांना ओट्यावर बसवून समजावत होते की जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं, आणि खिडकीचं बुरशी मारणारं सिलिकॉन लावलं तर आधी मासोया मरतात. टाकी बदलणं हाच उपाय. हे सांगताना आवाजात दुःख होतं, पण डोळ्यांत राजदूत बंद पडल्याचा आनंद मला साफ दिसला.

अमरावतीत एका काचवाल्याकडं नवी टाकी सांगितली. जुनीही त्याच्याच गल्लीतल्या दुसऱ्या कुणीतरी केलेली, त्यामुळं याला त्याची निंदा करता आली आणि काच दहा एमएमची झाली. ती येईपर्यंत समुद्राची रवानगी निळ्या टिपाडात. जुनं पाणी पाइपानं ओढून टिपाडात भरलं. त्यात मासे. आणि दगड. हे दगड म्हणजे पोवळं नव्हे हं, पोवळं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकवतं, हे भाऊंनी हवालदारालाही ऐकवून झालंय. भाऊंचे दगड सिमेंटचे, घरी ओतलेले आणि त्यातला चुन्याचा कडकपणा जावा म्हणून कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेले. आता त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू बसलेत. माशांच्या घाणीतला अमोनिया हेच जिवाणू पचवतात. दगड वाळले की जिवाणू मेले, जिवाणू मेले की मासे मेले. म्हणून दगड उचलताना भाऊ ओरडत होते, “वल्ले ठेवा, वल्ले ठेवा!” आणि चार पोरं ओले दगड छातीशी धरून ढेलजेतून अंगणात धावत होती.

पाण्याचा एक लोंढा सैंपाकघराकडं गेलाच. वयनींनी खराटा घेतला. “गाडगेबाबाच्या गावात,” त्या म्हणाल्या, “मी खराट्यानं समिंदर लोटून राह्यली.”

ते नऊ दिवस मी भाऊंना जवळून पाहिलं. टिपाडात वरून टॉर्च मारून बसायचे. दर सहा तासांनी चाचणी : छोट्या शिशीत पाणी, त्यात थेंब, आणि रंग पाहायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा झाला म्हणजे गेलो. शिशी उन्हाकडं धरून ते कुजबुजायचे, “पिवळाच वाटते, नाही का?” वयनींना दाखवली तर त्या म्हणाल्या, “वरणाचं पाणी हाय का?” त्या काळात भाऊ जेवले नीट, झोपले नीट, राजदूतकडं बघितलंसुद्धा नाही. टाकी धड होती तेव्हा कधी एवढे सुखी दिसले नव्हते.

नवी टाकी आली, ओसरीवर दोन दिवस साध्या पाण्यानं भरून परीक्षा झाली. तिच्यातून सिलिकॉनचा आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत होता. पलीकडच्या आजीबाई विचारायला आल्या, लोणचं नासलं का म्हणून. गळत नव्हती. आता आत ढेलजेत न्यायची, तर घराचं जोतं दुरुस्त करायला आलेला मिस्त्री दारात थांबला. त्यानं काही न बोलता खिशातली पाणसळ काढली आणि लोखंडी स्टँडवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला तो परत येईना.

“भाऊ, अर्धा इंच खाली हाय हे.”

ढेलजेत शांतता पसरली. आमच्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची फरशी दर वर्षी जरा जरा हलते. वलगावात तडा नसलेली भिंत मला अजून दिसली नाही. स्टँडचा एक पाय खचला, अडीच क्विंटल पाण्याचा भार एका कोपऱ्यावर आला आणि सांधा सुटला. काचवाल्याचा दोष होता की जमिनीचा, हे आता देवाला माहीत. पण ज्या माणसानं तीस वर्षं काट्याची पातळी रोज तपासली, मीठ ग्रॅममध्ये तोललं, त्यानं समुद्राखालची फरशी एकदाही पाहिली नव्हती. भाऊंनी पाणसळ हातात घेतली, उलटसुलट केली आणि हळूच विचारलं, “हे केवढ्याले भेटते?”

मला त्या क्षणीच पुढचं वर्ष दिसलं.

स्टँडच्या पायाखाली लोखंडी पट्ट्या गेल्या, टाकीखाली थर्माकोल, आत वाळू, दगड, जुनं पाणी आणि ताजा समुद्र. मासे दोरीएवढ्या नळीनं थेंब थेंब नव्या पाण्याची सवय लावून सोडले. दोघांतला मोठा होता तो पुढं, लहान मागं. विदूषक माशांत सगळे आधी नर असतात आणि त्यांतला सगळ्यात मोठा मादी होतो. बाकी तिच्या धाकात. भाऊंनी हे पाहुण्यांना सांगितलं तेव्हा वयनी चहा घेऊन येत होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, टाकीत पाहिलं आणि म्हणाल्या, “हे बरं केलं देवानं.”

जुनी टाकी अंगणात आहे. वयनींनी ती चार पाण्यानं धुऊन माती भरली आणि मेथी लावली. पाणी निथळायला कुंडीला भोक पाडावं लागतं, ते आयतंच होतं. मेथी झकास आलीय.

भाऊ मात्र उदास आहेत. नवी टाकी गळत नाही. रात्री स्टँडखाली वर्तमानपत्र पसरून ठेवतात आणि सकाळी उचलून उजेडाकडं धरतात. कोरडं. दिवसातून तीनदा पाणसळ लावतात. बुडबुडा मधोमध. काल माझ्या घरी येऊन त्यांनी माझ्या फरशीला पाणसळ लावली आणि फार दिवसांनी हसले.

तुम्ही चिखलदऱ्याला निघालात आणि वलगाव लागलं, तर गाडी थांबवा, समिंदर पाहून जा. तिकीट नाही. येताना फक्त आरओच्या पाण्याची एक कॅन आणा. अर्धी टाकीत जाईल, उरलेल्या अर्ध्या पाण्याचा चहा वयनी तुम्हालाच देतील.