खिडकीतली वहिवाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे तोडून आणलेले झाड रोवायचे, त्यावर झेंडा बांधायचा आणि तो हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांनी एकमेकांवर गोटे भिरकवायचे, ही आमच्या गावची पुरातन वहिवाट असल्यामुळे, मूळ नसलेल्या फांदीविषयी भलती आशा बाळगण्याचा दोष मला जन्मतःच चिकटलेला असावा. तो पळस रुजल्याचे आजवर ऐकिवात नाही. माझ्या कुंडीतल्या जेड नावाच्या झाडाची फांदीही रुजली नाही. पण 1956 साली नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली, तेव्हा आमच्या सबंध मुलुखाची कुंडी बदलली आणि तरीही आम्ही अजून मराठीतच भांडतो, हे पाहता कलमांवरची माझी श्रद्धा अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास मीही रोपांसाठी स्वयंपाकघरातल्या खिडकीवर कब्जा केला. कारकुनीत हयात गेलेली. तेव्हा प्रत्येक रोपाचा क्रमांक, लागवडीची तारीख आणि कैफियत असे रीतसर रजिस्टर घातले. पहिल्या पानावरच्या कैफियतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मयत' हा एकच शब्द आहे. टोमॅटोची रोपे उजेडाच्या ओढीने सुतासारखी लांबून, साहेबांच्या दाराशी ताटकळणाऱ्या अर्जदारांप्रमाणे काचेकडे वाकली आणि एका सकाळी मातीलगत माना टाकून आडवी झाली. मी त्यांना दिवसातून तीनदा पाणी पाजत होतो. जेडची तोडलेली फांदी चार दिवस सावलीत टाकून जखम सुकू द्यावी लागते. मला तिची दया आली आणि मी ती तत्काळ ओल्या मातीत खोचली. जी वनस्पती पानांत पाण्याचा साठा बाळगते आणि दिवसा रंध्रे मिटून रात्री श्वास घेते, तिला आपल्या चहाबरोबर रोज पाणी देणे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला हात धरून पुन्हा पंगतीत बसवणे होय, हे मला सहाव्या पंचनाम्यानंतर कळले.

त्यातच सौंसरकडचे सासरे आले. जंबेरीच्या खुंटाची साल चाकूने चिरून, तीत संत्र्याचा डोळा अलगद सरकवून वर पट्टी गुंडाळण्याचे काम हा गृहस्थ गप्पा मारता मारता, हाताकडे न पाहता करतो. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या अकरा कुंड्यांची मोजणी केली.

"जवाईबापू, याले फळ काय लागते?"

"फळ नाही लागत, मामाजी."

"मंग फूल?"

"नशिबात असेल तर."

"मंग खिडकीत काहून ठेवलं?"

"मी बी तेच म्हणते, बाबा," आतून फिर्याद दाखल झाली.

निरुत्तर होऊन मी कुंड्या गच्चीवर हलवायला घेतल्या, तेव्हा मसाल्याच्या डब्यामागे पानफुटीचे एक पान सापडले. केव्हा गळून पडले कोण जाणे. त्याला ना माती मिळाली होती, ना पाणी, ना रजिस्टरात क्रमांक. पान सुरकुतून तपकिरी झाले होते, पण कडेच्या खाचाखाचांतून नखाएवढी पाच रोपे पांढऱ्या मुळ्यांसकट बाहेर आली होती. सासऱ्यांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले आणि त्यांतली दोन रोपे रुमालात बांधून घेतली. उरलेली तीन कोणाच्या नावे चढवायची, याची सुनावणी अद्याप चालू आहे. हिचे म्हणणे, डबा तिचा आहे.