गल्ली थंड करून राहिला काय?

होळी झाली की नागपुरात दोन गोष्टी रस्त्यावर येतात. एक रंग न निघालेली माणसं, दुसरी कूलरच्या ताट्या. वुडवूलच्या पिवळट आणि वाळ्याच्या तपकिरी ताट्यांची चळत हातगाडीवर दिसली की आमचे बाबा स्कूटर थांबवतात आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात, ‘‘मागच्या सालच्या भावानं देतो काय?’’ ताटीवाला दर वर्षी तसाच हसतो. मग बाबा दहा रुपये कमी करून घेतात आणि वीस रुपयांचा उसाचा रस पिऊन घरी येतात.

आम्ही राहतो त्या वस्तीचं नाव नंदनवन. ज्याने ठेवलं तो डिसेंबरात आला असावा. मे महिन्यात, विशेषतः नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला की पत्ता सांगताना आम्हालाच लाज वाटते. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान चक्क ५६ अंश दाखवलं. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने सांगितलं, की यंत्रात बिघाड होता. आम्हाला त्या आकड्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. उलट ‘अखेर कोणीतरी खरं बोललं’ असंच शेजारीपाजारी म्हणत होते.

तर कूलर. माळ्यावरून उतरवलेला पत्र्याचा निळा डबा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवणं हा आमच्याकडचा कुळाचार आहे. चढवायला चार माणसं लागतात, सूचना द्यायला सहा. फटींमध्ये पुठ्ठा आणि जुना थर्माकोल कोंबायचा. वरच्या पाण्याच्या नळीची भोकं गेल्या वर्षीच्या क्षाराने बुजलेली असतात, ती झाडूच्या काडीने एकेक मोकळी करायची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की ताटीवर ऑगस्टपर्यंत मिठागर उभं राहतं. एखाद्या कोपऱ्यातली ताटी कोरडी राहिली तर तिथून आत येते ती थेट लू. पंप घुंघुं करतो पण पाणी वर चढत नाही, तेव्हा मेकॅनिकला फोन करण्याआधी पंपाच्या खालची जाळी काढून बघावी. आमच्याकडे तिथून आजवर वाळ्याच्या काड्या, एक मेलेलं झुरळ आणि माझ्या पुतण्याचा हरवलेला दात निघालेला आहे. आणि पंखा लावल्यावर नुसता गुरगुरला, ढकलल्यावरच फिरला, तर मोटार जळाली म्हणून रडू नये. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो आणि तो स्वस्तात मिळतो. फक्त ढकलायचं ते बोटाने नव्हे, काठीने, आणि कंडेन्सरला हात लावण्याआधी प्लग काढा.

पण आमच्या घरातलं खरं भांडण यापैकी कशावरच नसतं. ते असतं दारावर.

बाबा चौतीस वर्षं हिशेबतपासनीस होते. खोलीतला थंडावा ही त्यांच्या दृष्टीने जमा आणि दारातून गेलेला थंडावा हा खर्च. मी कूलरसमोरचं दार चार बोटं उघडं ठेवलं, की आतून आवाज येतो, ‘‘कायले उघडं ठेवलं बे दार? गल्ली थंड करून राहिला काय?’’ आणि दार बंद. पाच मिनिटांनी मी उघडतो. ते बंद करतात. एका दुपारी आम्ही हा उद्योग अकरा वेळा केला. त्यात दोघांना जो घाम आला तो कोणत्याही कूलरला आवरला नसता.

मुद्दा असा की कूलर हा फ्रिज नाही. तो थंडी तयार करून खोलीत साठवत नाही. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते, ताटीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा थंड होते, पण ओलीही होते. ती ओली हवा बाहेर गेली तरच नवी कोरडी हवा आत येणार. दार लावून घेतलं की अर्ध्या तासात चादर अंगाला चिकटते, उशीला वास येतो, आणि बाबा म्हणतात, ‘‘कूलर हवा फेकून नाही राहिला, नवी ताटी आण.’’ वाट ठेवायची ती कूलरच्या बरोबर समोर, म्हणजे हवा अंगावरून जाते. पुरेशी आहे का हे बघायचं तर दाराशी उदबत्ती धरावी. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. मी हा प्रयोग बाबांना करून दाखवला. ते म्हणाले, ‘‘हे तर उलट झालं. देवाचा धूपही बाहेर चालला.’’

हे शहाणपण मला काही उपजत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी विदर्भ एक्स्प्रेसने आमचा लहान कूलर डोंबिवलीला नेला. कल्याणला उतरवून घेताना हमाल म्हणाला, ‘‘भाऊ, हे इथं कशाला?’’ तो माणूस माझ्यापेक्षा जास्त शिकलेला होता. पहिल्या रात्री बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी टॉवेल वाळेना. तिसऱ्या दिवशी आईने दिलेले पापड पोळीसारखे दुमडता यायला लागले. चौथ्या दिवशी काडेपेटी पेटेना, आणि माझा रत्नागिरीचा रूममेट सकाळी चादर पिळत म्हणाला, ‘‘अरे, आमच्याकडे याला जुलै म्हणतात.’’

गणित साधं आहे. हवा पाण्याने किती गार होऊ शकते याला एक तळ असतो. थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो तळ दिसतो. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना तो साधारण २३ अंशांवर असतो. तिथवर कोणताच कूलर पोचत नाही, पण २७-२८ ची हवा देतो. डोंबिवलीत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असली, तर तळच साडेअठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे मिळणार जेमतेम चार-पाच अंश, आणि वर ओलावा फुकट. मृगाचा पाऊस पडला की आमचं नागपूरही डोंबिवली होतं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. जूनच्या शेवटी चालू पंपाजवळ बसून ‘यंदा कूलर बिघडला’ म्हणणारे लोक आमच्या गल्लीत निदान पाच आहेत. त्यांतले दोन माझे काका.

मुंबईचे जावई पहिल्यांदा मे महिन्यात आले, तेव्हा बाबांनी इतवारीतून बर्फाची लादी आणून कूलरच्या टाकीत सोडली. जावयांनी कौतुकाने फोटो काढला. आता बघा, एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि एक लिटर साधं पाणी उडताना घेतं सुमारे ५८०. म्हणजे बर्फाची सगळी मिजास एका बाजूला आणि टाकीतल्या बोअरच्या पाण्याचं गुपचूप काम दुसऱ्या बाजूला. शिवाय गार पाणी उडायला आळस करतं. ही माहिती मी जेवताना दिली. बाबांनी वाटीत श्रीखंड वाढत फक्त एवढंच विचारलं, ‘‘लादी पावतीसकट परत घेतील काय?’’

एका बाबतीत मात्र बाबा आणि मी एका पक्षाचे आहोत. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांचं लफडं जीवघेणं आहे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येतेच. म्हणून पाणी भरायचं ते प्लग उपसून, नुसतं बटण बंद करून नाही. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालणारं अर्थिंग हवं. घराच्या मेनवर ३० मिलीअँपिअर करंट गळताच वीज तोडणारं आरसीसीबी असेल तर उत्तम. आमचे शेजारी पत्र्याला उलटा हात लावून ‘करंट नाही’ अशी ग्वाही देतात. अशाने झटका बसला तर निदान मूठ आवळत नाही, हे त्यांचं शास्त्र. बाबा त्यांना म्हणतात, ‘‘अन् टेस्टर काय दिवाळीले काढता?’’ टाकीही दर आठवड्याला रिकामी करून कडा घासून धुवायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून राहतात आणि टाकी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. आमच्या टाकीत एकदा इतक्या अळ्या निघाल्या, की पुतण्याने ‘मासे पाळले?’ म्हणून टाळ्या वाजवल्या.

दाराचं भांडण शेवटी आईने मिटवलं. तिने दोघांचंही ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. मग स्वयंपाकघरात गेली, मिक्सर आल्यापासून बेकार पडलेला वरवंटा उचलून आणला, त्याला बाबांचा एक सुटा मोजा चढवला आणि दाराच्या फटीत आडवा ठेवला. बरोबर चार बोटं. बाबा म्हणाले, ‘‘अवं, हे काय?’’ आई म्हणाली, ‘‘अजी, झोपा न गुपचूप. हलवायचा असंल तर हलवा, पण कमरेले बाम मी नाही लावणार.’’

बाबांनी वरवंट्याकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पाच मिनिटांनी मला वाटलं, घोरायला लागले. तेवढ्यात भिंतीकडूनच आवाज आला, ‘‘समोरच्या देशमुखाकडून निम्मं बिल घ्या म्हणा.’’