वरच्या खोलीचं लायसन्स

"काय गं, वरची खोली भाड्याने दिलीस म्हणे?"

"भाड्याने नाही हो काकू, लायसन्सवर. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स."

"म्हणजे लीजच की."

"तिथेच तर मेख आहे. लीज दिलं की जागेत त्याचा हक्क तयार होतो. लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी. इंग्रजांनी दोन्ही 1882 सालीच कायद्यात बसवले, पण लीज मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात आणि लायसन्स ईझमेंटच्या."

"तुला गं कोणी सांगितलं?"

"भाचा वकील आहे ना. दोन बशा पोहे खाऊन गेला."

"अगं, पण आमच्या दादरच्या आत्यानेही लायसन्सवरच जागा दिली होती. तो बाबा हलला कुठे? आत्या गेली, तो आहे!"

"तो 1973 च्या आधीचा असणार. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला ज्यांचं लायसन्स चालू होतं, त्यांना सरकारने भाडेकरूच करून टाकलं. आता 1999 चा कायदा आहे. राहायला दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई."

"अकरा महिने लिहिलं की नोंदणी नको, ते एक बरं."

"आपल्या महाराष्ट्रात तसं नाही हो. अकरा असोत की तीन, नोंदणी हवीच, आणि ती मालकाने करायची. नाहीतर अटींवरून वाजलं की राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. खोटं आहे हे आपण सिद्ध करत बसायचं."

"बाई गं! म्हणजे वर 'लायसन्स' लिहून नोंदवलं की सुटलो."

"तेवढ्यानेही नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात एकाने केस कापायचा धंदा मांडला होता. कागदावर लायसन्स, पण 1959 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे लीज. मथळ्यावर जायचं नाही, दोघांच्या मनात काय होतं आणि जागेचा पुरा ताबा कोणाकडे होता, ते बघायचं."

"हं... आमच्या गॅरेजमध्ये तो इस्त्रीवाला बसतो ना, इतकी वर्षं. त्याचं काय म्हणायचं मग? कागद तर काहीच नाही."

"पैसे घेता?"

"पैसे कसले! आमचे कपडे फुकट करतो."

"आणि रात्री गॅरेजला कुलूप कोणाचं?"

"त्याचंच."

"किल्ली?"

"ती पण... थांब हं, ह्यांना हाक मारते."