पद्मिनीचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार हा विषय मराठीत अद्याप शास्त्राच्या योग्यतेला पोहोचलेला नसला, तरी त्याचे प्रात्यक्षिक मुंबई-पुण्यातील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या आवारात ताडपत्रीखाली अखंड चालू असते, आणि ती ताडपत्री उचलून पाहिल्यास खाली पुष्कळदा प्रीमियर पद्मिनी सापडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीचा होता, आणि याच घराण्यातील १९५० च्या दशकातल्या गुबगुबीत गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत; या नावात निंदेपेक्षा लाडच अधिक होता, हे डुकराविषयीच्या आपल्या एरवीच्या मतांकडे पाहता विशेषच म्हणायचे. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्पादन थांबले, आणि मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी नोंदणीकृत अशी शेवटची पद्मिनी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. ज्या गाड्या भंगारवाल्याच्या हाती लागल्या नाहीत त्या हौशी माणसांच्या हाती लागल्या, आणि या दोहोंत गाडीला अधिक काळ सोसावे लागणारा मार्ग दुसराच आहे.

प्रस्तुत विवेचनाचा नायक नवशिका जीर्णोद्धारक होय, म्हणजे ज्याने आजवर पाना हातात धरला तो स्वयंपाकघरातील नळाची गळती थांबवण्यासाठी, आणि ती थांबवायला शेवटी प्लंबरच बोलवावा लागला, असा गृहस्थ. त्याच्या वडिलांकडे किंवा मामांकडे एके काळी फियाट असते. स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गियर, तिघे मोठे आणि मांडीवर एक पोर सामावून घेणारी पुढची सलग सीट, आणि महाबळेश्वरच्या घाटात गार वारा नेमका तोंडावर आणणारी खिडकीची तिकोनी काच हे सारे त्याच्या स्मरणात स्वच्छ आणि कोरडे असते. आठवणीतल्या गाडीला गंज चढत नाही, आणि अंदाजपत्रक आठवणीतल्याच गाडीचे केले जाते, येथून सर्व अनर्थास प्रारंभ होतो.

विक्रेता या अनर्थाला आपल्या परीने हातभार लावतो. ‘गाडी चालू कंडिशनमध्ये आहे’ हे विधान भूतकाळवाचक समजावे. ‘बॅटरी टाकली की सुरू’ याचा अर्थ बॅटरी टाकून पाहिलेली आहे आणि गाडी सुरू झालेली नाही. ‘डॉक्टरांनी वापरलेली’ या गाडीच्या आरसी बुकात बहुधा चार नावे असतात व त्यांपैकी डॉक्टर सर्वांत पहिले असतात. राहता राहिला ‘थोडा वरवरचा गंज’, आणि त्याचा परामर्श स्वतंत्रपणे घेणे भाग आहे, कारण खिशातील पैशांचा निकाल तिथेच लागतो.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की पत्र्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत-घट तयार होतात. एका ठिकाणचे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, शेजारच्या ठिकाणी प्राणवायू आणि पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात, आणि या देवघेवीतून जे तांबूस, ओलसर ऑक्साइड उरते त्याला गंज म्हणतात. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड घट्ट थर बनून खालच्या धातूचे रक्षण करते; लोखंडाचे ऑक्साइड मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असल्यामुळे ते पाणी धरून ठेवते व खालच्या पत्र्याला त्याच कामाला जुंपते. पाण्यात मीठ असेल तर विद्युतप्रवाह सुलभ होतो आणि सगळ्यालाच वेग येतो, म्हणून गिरगावात किंवा रत्नागिरीत आयुष्य काढलेली पद्मिनी आणि सोलापूरची पद्मिनी एकाच वर्षी जन्मलेल्या असल्या तरी एकाच वयाच्या नसतात, आणि जाणते गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजून देशावरची गाडी शोधते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की पत्रे एकमेकांपासून फाकतात आणि फाकलेल्या जागेत पुढच्या पावसाळ्याची सोय होते.

पद्मिनीच्या बाबतीत ही गोष्ट सौंदर्याच्या प्रश्नावर थांबत नाही, कारण तिला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे भार वाहणारी लोखंडी चौकट नाही. तिचे कवच हीच तिची चौकट आहे. या रचनेला मोनोकॉक असे म्हणतात, आणि तीत छताचा, तळाचा व दारांखालच्या पोकळ पट्ट्यांचा पत्रा मिळून सारा भार उचलत असतो. दारांखालच्या या पट्ट्यांना सिल म्हणतात. त्यांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके ठेवलेली असतात, ती दोन-चार पावसाळ्यांच्या चिखलाने बुजतात, आणि मग सिल आतून कुजू लागते व बाहेरून मात्र रंग उत्तम चकाकतो. कुजलेल्या सिलची खात्रीची परीक्षा म्हणजे गाडी एका बाजूने जॅकवर उचलणे. चाक जमिनीवरून सुटण्याआधीच जर त्या बाजूचे दार लागेनासे झाले, किंवा लागलेले उघडेनासे झाले, तर गाडी मधून वाकते आहे असे समजावे आणि चहा न घेता परत यावे.

नवशिका परत येत नाही. त्याला चहा मिळालेला असतो.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची आहे. कापडात गुंडाळलेला साधा चुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवला असता तो काही अंतर पत्र्याला चिकटून जातो आणि मग एकाएकी हातातून गळून पायाशी पडतो. जिथे तो पडतो तिथे पत्रा संपून लांबी सुरू झालेली असते. खड्डे भरून पृष्ठभाग सारखा करण्यासाठी रंगारी जे लुकण वापरतात त्याला लांबी म्हणतात, आणि तिचा योग्य थर एखाद्या-दोन मिलिमीटरचा असला, तरी ‘एकदम फ्रेश पेंट’ असलेल्या काही गाड्यांत खाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर ती बोटभर जाड थापलेली आढळते. अशा दारात सापडलेल्या वर्तमानपत्राच्या तारखेवरून मागील जीर्णोद्धाराचा कालखंड निश्चित करता येतो, एवढाच त्या दाराचा ऐतिहासिक उपयोग.

गाडी घरी आल्यावर, म्हणजे टेम्पोवरून उतरवून ढकलत जागेवर लावल्यावर, खर्चाचा क्रम ठरवण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि थोडक्या पैशांत हे काम करू पाहणाऱ्याचे तारू याच खडकावर फुटते. शास्त्रशुद्ध क्रम असा की जे कोणालाही दिसत नाही त्यावर आधी खर्च करावा: तळाचा पत्रा, सिल, ब्रेक, पेट्रोलची टाकी, वायरिंग, आणि जे सर्वांना दिसते ते, म्हणजे रंग, क्रोम, सीटकव्हरे, शेवटी करावे. प्रत्यक्षात क्रम उलटा लागतो, आणि त्याचे कारण अज्ञान हे नसून शेजार हे आहे. चाकांतील ब्रेकच्या सिलिंडरांची नवी रबरे बसवल्याबद्दल आजवर कोणत्याही काकूंनी जिन्यात थांबवून कोणाचे कौतुक केलेले नाही. त्या विचारतात ते ‘रंग कधी देणार?’ एवढेच, आणि संस्थेचे सचिव आवारात भंगार ठेवू नये अशी जी सूचना फलकावर लावतात तिचा रोखही रंग नसलेल्या गाडीकडेच असतो. मग महिन्याभराच्या लोकलज्जेनंतर गृहस्थ कुजलेल्या सिलवर फिकट निळा रंग मारून घेतो. गणपतीपर्यंत गाडी सुरेख दिसते. दिवाळीला रंगाखाली फोड येतात.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असून ते तेलाच्या दाबावर चालतात, आणि ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे असल्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत सिलिंडर आतूनच गंजून बसतात. रबरांचा संच फार महाग नसतो. पण तो बदलण्यासाठी ड्रम निघावा लागतो, ड्रम निघण्यासाठी बोल्ट निघावे लागतात, आणि गंजलेला बोल्ट हा निसर्गातील सर्वांत चिवट पदार्थांपैकी एक आहे. त्याला आधी तेल पाजले जाते, मग समजूत घातली जाते, मग हातोड्याने ठोकून पाहिले जाते, आणि अखेर पान्याला पाइप लावून सारे वजन टाकले असता तो ‘कट्’ असा आवाज करून फिरतो. फिरते ते डोके. आटे असलेले धड आतच राहते. जाणता मेस्त्री पहिल्या दिवशी तेल सोडून निघून जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडतो, तिसऱ्या दिवशी ज्योतीने भोवतालचा भाग तापवून बोल्ट सहज काढतो, आणि त्या तीन दिवसांची मजुरी लावतो, ती रास्तच असते. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टस असू शकते, यास्तव ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवण्याचा मोह आवरून ती ओल्या फडक्याने पुसावी, ही एकच सूचना या लेखात गंभीरपणे केलेली आहे असे मानावे. रिकाम्या पेट्रोलच्या टाकीला, आतल्या वाफेचा भडका उडू शकत असल्यामुळे, घरी वेल्डिंग करू नये, ही दुसरी.

काटकसरीच्या दृष्टीने मराठी स्वयंपाकघर आणि मराठी शेती यांचे या शास्त्राला मिळालेले साहाय्य अमोल आहे. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून त्यात बिजागऱ्या व कड्या रात्रभर बुडवल्या असता सकाळी करडे, स्वच्छ लोखंड हाती येते. मात्र ते लगेच धुऊन, वाळवून तेल न लावल्यास जेवणाच्या वेळेपर्यंत पुन्हा तांबूस होते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या वस्तूला व धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडून विद्युतप्रवाह सोडण्याची रीतही फलदायी आहे. पट्टी स्टेनलेस स्टीलची असल्यास क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात, त्यामुळे जुने ताट त्यासाठी खर्ची घालू नये, आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने ती बंद न्हाणीघरात करू नये. तिसरा उपाय साखर कारखान्यातून निघणाऱ्या उसाच्या मळीचा. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी अशा मिश्रणात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले की मळीतील घटक गंजाला बांधून सोडवून आणतात व चांगल्या लोखंडाला फारशी इजा करीत नाहीत, फक्त ॲल्युमिनियमचे भाग तीत टाकायचे नसतात. या पिंपाला जो वास सुटतो त्याने घरातील मंडळींचे या कार्याविषयीचे मत कायमचे ठरून जाते. मौज अशी की याच मळीपासून इथेनॉलही निघते, ते आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेत असल्यामुळे महिनोन् महिने न हललेल्या गाडीच्या टाकीत त्याने गंजाला मदतच होते. जुन्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्यालाही ते मानवत नाही. अर्थात ऊस एका हाताने गंज काढतो आणि दुसऱ्या हाताने परत करतो, असे सहकाराचे हे चक्र पूर्ण होते.

सुटे भाग मिळवण्यासाठी मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ला आणि चोर बाजार, तर पुण्यात रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही क्षेत्रे प्रसिद्ध आहेत. हजारो पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर तिचा कोणताही भाग कोपऱ्यावर मिळत असे. टॅक्सी गेल्या, आणि कालपर्यंत किलोच्या भावाने विकले जाणारे मागचे दिवे ‘अँटिक’ झाले. तेथील दुकानदार हाती ठेवलेल्या वस्तूला ‘ओरिजिनल आहे शेठ, कंपनीचा’ असे म्हणतो. ती हातात घेऊन उलटीपालटी करून काही कळल्यासारखे पाहण्याची कला नवशिक्याने लवकर आत्मसात करावी, कारण भाव त्या पाहण्यावर ठरतो.

मेस्त्रीशी होणाऱ्या संबंधांत सर्वांत महाग पडणारे वाक्य ‘साहेब, काम निघालं’ हे होय. तळाचा एक तळहाताएवढा तुकडा बदलायचा म्हणून कुजलेला पत्रा कापत गेले की चांगल्या पत्र्याची कड काही केल्या लागत नाही, आणि वेल्डिंगला तर चांगली कडच हवी; त्यामुळे तळहाताचा हातभर होतो, हातभराचा अर्धा तळ होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर काम निघत राहते. यात मेस्त्रीची लबाडी असते असे मानण्याचा प्रघात आहे, परंतु तो अन्यायाचा आहे. गंज जिथे दिसतो तिथे त्याचे मुख्य कार्यालय क्वचितच असते. म्हणून अनुभवी मंडळी हातातील रकमेचे आरंभीच दोन भाग करतात, एका भागात सारे काम बसवतात आणि दुसरा भाग निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवतात; तो उरला तर रंग.

अशा रीतीने गाडी कधीतरी उभी राहते, नव्हे, धावते, आणि तेव्हा कायद्याचा विचार करावा लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो. पद्मिनी या नावाने निघालेल्या अगदी पहिल्या गाड्या आता या वयाला पोहोचल्या आहेत. अट एवढीच की गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा अर्धा तळ नवा घातलेल्या मालकाने तपासणीच्या दिवशी चटई घट्ट अंथरावी की कारागिरीचा अभिमान बाळगावा, हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांच्या रॅलीत भाग घेणे, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती बाहेर काढण्याची मुभा असते, आणि यामुळे कोणाही जीर्णोद्धारकाची गैरसोय झाल्याचे ऐकिवात नाही, कारण त्याची गाडी एरवीही पेट्रोल पंप आणि गॅरेज या दोनच ठिकाणी जात असते, आणि पेट्रोल पंपावरून ती पुष्कळदा थेट गॅरेजलाच जाते.